देव्हाऱ्यातला लखोटा

हे मी अजून कोणाला सांगितलेलं न्हाई. तुम्ही चहा पाजून राह्यले म्हणून सांगतो. हसा पोटभर, पण बाहेर बोलू नका, मला बदनापुरात रोज तोंड दाखवायचंय.

आमची बियाण्याची कंपनी. पगारातून दर महिन्याला कापलेले पैसे आन् कंपनीनं वर घातलेले पैसे म्हातारपणासाठी सांभाळायला तिथं एक ट्रस्ट हाय. मागच्या साली कामगारांचा ट्रस्टी म्हणून मला निवडलं. आता ट्रस्टी म्हंजे काय, हे मला कोण शिकवणार? गावच्या मंदिराचा पंधरा वर्षांचा ट्रस्टी मी! पुढच्या खुर्चीवर बसायचं, शाल घ्यायची, कोणी ठराव वाचला की मोठ्यानं 'अनुमोदन' म्हणायचं आन् भजे खायचे. त्यात वाचायचं काय?

पहिल्या बैठकीचा लखोटा घरी आला. बायकोनं कौतुकानं त्याला हळद-कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला. मंग पूजेतली वस्तू फोडायची कशी? आठ दिवस मी त्या लखोट्याला सकाळ-संध्याकाळ नमस्कार केला. उघडला मात्र न्हाई.

त्याच आठवड्यात रुक्मिणवहिनी घरी आल्या. आमच्या पॅकिंगमधला सुदाम दोन महिन्यांमागं हार्ट अटॅकनं गेल्ता, त्याची बायको. पोरीचा नर्सिंगला नंबर लागल्ता आन् फी भरायची मुदत जवळ आल्ती. सुदामच्या फंडाचा अर्ज त्यांनी दिल्ता, एवढं सांगायला आल्या होत्या. मी छाती फुगवून म्हणलो, "वहिनी, बिलकुल काळजी करू नका. माझ्यावर सोडा."

बैठकीत क्लार्क भराभरा वाचत होता. सभासद नंबर एकशे बारा, मयत. नॉमिनी म्हणून आईचं नाव, आई हयात न्हाई, पत्नीचं नाव फॉर्मवर न्हाई. सबब अर्ज नामंजूर, कोर्टाचा वारस दाखला आणावा. सुदामचं नाव कोणी घेतलंच न्हाई, आन् माझं ध्यान दारातून आत येणाऱ्या ताटाकडं. ट्रस्टच्या अध्यक्षसाहेबांनी अनुमोदन कोणाचं म्हणून विचारलं. मी असा ओरडलो की शेजारच्याच्या हातातला पेन पडला.

चार दिवसांनी वहिनी पुन्हा दारात. हातात कंपनीचं पत्र, सोबत पोरगी. पोरीनं वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीत अनुमोदक म्हणून माझं नाव, बापाच्या नावासकट. वहिनी माझ्याकडं बघत राह्यल्या. आता शिव्या देतील, असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या म्हणल्या, "भाऊजी, तुमच्याच नावाचा दुसरा कोणी ट्रस्टी हाय का तिथं?"

आन् मी काय करावं? मान हलवली! हो म्हणून! आजही आठवलं की कानशिलं तापतात.

त्या गेल्या आन् मी देव्हाऱ्यातला लखोटा फोडला. हळद-कुंकवाखाली सगळं बराबर लिहिलेलं. ट्रस्टीनं कागद वाचावेत, कळलं न्हाई तर विचारावं, आधी सभासदाचं आन् त्याच्या घरच्यांचं हित पाहावं. आन् सोबत फंडाचे नियम. लग्नाआधी भरलेलं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द होतं, मंग बायको-पोरांचाच हक्क. सुदामनं फॉर्म भरल्ता तेव्हा त्याला मिसरूडसुद्धा नीट फुटली नव्हती!

तसाच साहेबांकडं गेलो. त्यांनी नियम वाचला, तातडीची बैठक लावली, पण ठराव फिरवायचा तर कारण लिहावं लागतं म्हणले. लिहिलं मंग, 'अनुमोदकाने विषय न वाचता अनुमोदन दिले.' मी ते दोनदा वाचून सही केली. आयुष्यात मी वाचून सही केलेला तो पहिला ठराव.

ठराव फिरला, फंडाचे पैसे वहिनींना मिळाले आन् मुदतीच्या एक दिवस आधी पोरीची फी भरली गेली. वहिनी पेढे घेऊन आल्या. बायकोसमोर पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला आन् हळूच म्हणल्या, "भाऊजी, त्या दुसऱ्याला चांगलं झापलं ना तुम्ही?"

मी पेढा तोंडात टाकला आन् म्हणलं, "वहिनी, रोज झापून राह्यलो. पण लई निर्लज्ज हाय तो, तुमचे पेढे खाऊन राह्यला."