हुरड्याचं पोस्टकार्ड

माझ्या सख्ख्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मी एका पोस्टकार्डानं मोडत आणलं होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि मूर्तिजापूरजवळच्या आमच्या घरात लिहिता-वाचता येणारा मी एकटा, म्हणून पत्रांचा मान माझा. गोदीला पाहायला अकोल्याच्या पाहुण्यांना हुरड्यालाच बोलवायचं ठरलं. मी दरसालच्या अंदाजानं मार्गशीर्षातला एक रविवार ठोकून दिला.

पण त्या साली दिवाळी झाली तरी अश्विनातलं ऊन हटेना! गोधड्या पेटीतच. बाबा रोज ज्वारीचं कणीस हातावर चोळून बघत. "लेका, दाना भरून राहिला. पाहुण्याले दुसरं कार्ड टाक, आठ दिवस आधी या म्हना."

मी ऐकतोय कशाला? मार्गशीर्ष लागला की थंडी पडणारच, असं मी पंचांग उघडून सुनावलं. (पंचांग मला वाचता येत होतं. ज्वारी बाबांना वाचता येत होती, हे तेव्हा सुचलं नाही.)

रविवारी पाहुणे बैलगाडीतून शेतात उतरले आणि दाणे पार निब्बर! मी पहाटेच काही कणसं चोरून पाण्यात भिजवली होती. ती वरून ओली, आतून खडा. मुलाच्या वडिलांनी एक घास चावला आणि गालाला हात लावला. माझ्या आईचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घाबरून मी कोरडी कणसं निखाऱ्यांत लोटली. दाणे तडतडले आणि एक लाही उडून थेट पाहुण्यांच्या पागोट्यावर बसली. कोणी हसेना.

तेवढ्यात खाली मान घालून बसलेली गोदी उठली. तिनं कढई ठेवली, टोपलंभर लाह्या फोडल्या, गूळ घालून पुढे केल्या. म्हणाली, "दादानं तारीख धाडली, पन ज्वारी काई त्याच्यासाठी थांबली नाई. आता लाह्याच खा."

मुलाचे वडील गाल धरूनच हसले. "पोरगी पसंत हाय. फक्त लग्नाची तिथी या पोराले काढू देऊ नका."

माघात लग्न लागलं. हळदीकुंकवात रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षतांचं टोपलं बाबांनी माझ्याच हातात दिलं. "घे, वाट तुहा हुरडा."

मी मांडवभर वाटला. या खेपेला कोणी चावून पाहिला नाही, एवढंच माझं नशीब!