मागच्या दाराचं कुलूप

कोयंडा उखडून नालीत पडला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. मंगळवार होता, सकाळचे सव्वाअकरा... वणीत आमच्या हॉटेलच्या मागची गल्ली.

आधी कुलपाचं सांगतो. आमचं खाली जेवणाचं हॉटेल, वर राहायच्या आठ खोल्या आणि मागून उतरायला एक अरुंद जिना. आग लागली तर लोकांनी तिकडून बाहेर पडायचं, नियमच आहे तसा. मी मात्र तो जिना समीक्षाला भेटायला वापरायचो. तिचं झेरॉक्सचं दुकान त्या दाराच्या बरोबर समोर आहे... (तिला विचारूनच लिहितोय.)

सेकंड इयरला सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं, तेव्हापासून बाबांचं डोकं तापलेलं. माझंही त्यांच्यावरच गेलंय. एकदा ऐन जेवणाच्या गर्दीत मी काउंटर सोडून मागून सटकलो. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्या दाराला बाहेरून कोयंडा ठोकला आणि कुलूप घातलं. म्हणाले, "आता पुढून जाय, माह्या डोळ्यासमोरून."

मी पुढून गेलो, आणि चार महिने हॉटेलात पाय ठेवला नाही. एकाच घरात राहून बोलणं बंद... आई निरोप पोचवायची. नगर परिषदेचे फायरवाले साहेब तपासणीला आले, त्या सकाळपुरतं बाबांनी कुलूप काढलं होतं. साहेब गेले, कुलूप पुन्हा जागेवर. आईनं सांगितलं तेव्हा मी हसलो होतो.

तर त्या मंगळवारी मी झेरॉक्सच्या पायरीवर बसलेलो. समीक्षा म्हणाली, "पंकज, तुमच्या किचनमधून धूर निघून राह्यला."

आलूबोंड्यांची कढई पेटली होती. आमच्या भाऊराव आचाऱ्यांनी आग विझवायचा लाल सिलिंडर उचलला, पण दसऱ्याला आईनं त्याची पूजा करून ओढून काढायच्या पिनेलाच पूजेचा नाडा बांधला होता. चांगले सात वेढे. तो कापून फवारा मारेपर्यंत धूर काउंटरवरून पुढच्या जिन्यात भरला... हे सगळं नंतर कळलं.

त्या वेळी वर बाबा होते. आणि एका खोलीत पायाला प्लास्टर घातलेल्या एक मावशी आणि त्यांचे मिस्टर, दवाखान्यासाठी आलेले. त्या दोघांना धरून बाबा मागच्या जिन्यानं खाली आले आणि आतून दार बडवू लागले. किल्ली होती काउंटरच्या ड्रॉवरमध्ये. म्हणजे धुरात.

मी पुढून आत घुसायला पळालो तर समीक्षानं मागून कॉलर धरली. "मरायले चालला काय? हे घे." तिच्या हातात शटर ओढायची लोखंडी सळई होती.

दारापलीकडून खोकला ऐकू आला. मग बाबांचा आवाज, "कोण हाय?"

"मी हाय बाबा."

मग म्हणाले, "तू दूर हो बाप्पा... कोणाले तरी बोलाव." बाबांचा असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. सळई कोयंड्यात अडकवली. समीक्षानं माझ्या हातांवर हात ठेवून जोर लावला. तिसऱ्या झटक्याला स्क्रूसकट सगळं निघालं.

आधी मावशी बाहेर आल्या, मग त्यांचे मिस्टर, शेवटी बाबा. डोळे लाल, मिशी काळी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, सळईकडे पाहिलं. आणि तिला म्हणाले, "पाणी हाय काय बेटा?"

तिनं आपली बाटली दिली. बाबा अर्धी प्यायले आणि उरलेली माझ्याकडे केली.

फायरची गाडी आली तोवर आग विझली होती. नालीतलं कुलूप बघून साहेबांनी विचारलं, हे कोणी लावलं? माझ्यामुळं लागलं, असं मी म्हणणारच होतो... बाबा आधी बोलले. "मीच साहेब. तुम्ही आलते तवा काढलं होतं, मंग पुन्हा लावलं. लोकं माह्या भरवशावर झोपतात इथं, अन् म्या पोराच्या रागात त्यायचाच रस्ता बंद केला."

नोटीस आली. सगळं नीट होईपर्यंत वरच्या खोल्या बंद ठेवल्या. आता त्या दाराला आतून ढकलला की दार उघडतं असा आडवा दांडा आहे. जिन्यात कांद्याची पोती दिसू द्यायची नाहीत, लाल सिलिंडरची तारीख बघायची, दांडा रोज सकाळी ढकलून पाहायचा, हे काम माझ्याकडे. आई म्हणते, पुढच्या दसऱ्याला नुसतं कुंकू लावीन.

हॉटेल-लॉजवाल्या मित्रांनो, तुमच्या मागच्या दाराला काय लावलंय ते आज एकदा बघून या. दोघा बापलेकांच्या रागात तिघं अडकली होती... ती सुखरूप निघाली, म्हणून रोज मनातल्या मनात हात जोडतो.

काल दुपारी गर्दी ओसरली. बाबा काउंटरवरून, मान वर न करता म्हणाले, "जाय, भेटून ये तिले. मागूनच जाय. दार मात्र लावून घेजो, नाहीतं कुत्रे शिरतात जिन्यात."

मी जिना उतरलो. दांडा ढकलला, बाहेर आलो, आणि दार हळूच ओढून घेतलं.