बारा खाचांचं टेबल

आठवतंय का गं मुलींनो, चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेची प्रार्थना लांबली की आपण अगदी पुढे, वेदीजवळ जाऊन बसायचो... आणि सिस्टरांची नजर चुकवून वेदीवरच्या कापडाची कड उचलायचो? खाली लाकडी टेबल होतं आणि त्याच्या कडेला ओळीने खाचा होत्या. एका खाचेला एक ‘नमो मरिया’ प्रार्थना. जपाची रोझरी घरी विसरलेल्यांची ती सोय होती.

तर त्याच टेबलाने परवा माझी फजिती केली.

केज-धारूर रस्त्यावरच्या आमच्या चर्चची या रविवारी ज्युबिली आहे. ग्रॅनाइटची वेदी आल्यापासून जुनं टेबल मागच्या खोलीत पडून होतं. ते पॉलिश करून काचेआड ठेवायचं ठरलं, कारण इतिहास म्हणावा असं आमच्याकडे तेवढंच आहे. घंटा नवी, पुतळे नवे, फादर तर सगळ्यात नवे.

स्मरणिकेत चर्चचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं... रिटायर्ड बाई दिसली की लोकांना दुसरं काही सुचत नाही.

टेबल आलं कुठून, हे कोणालाच सांगता येईना. पहिले फादर गेले, पहिले मास्तर गेले. मग मी खाचा नीट पाहिल्या. अकरा लहान, बारावी लांब... पुन्हा अकरा लहान, बारावी लांब. येशूचे बारा प्रेषित! माझ्या अंगावर काटा आला. पहिल्या श्रद्धावंतांनी प्रेषितांच्या स्मरणार्थ या खुणा कोरल्या, असं मी बिनधास्त लिहून टाकलं.

स्मरणिका छापून आली आणि कमिटीत भांडण लागलं.

“लांब खाच संत पेत्राची,” अध्यक्ष डॅनियलमामा म्हणाले.

“बारावा यहूदा असतोय मामा,” सेक्रेटरी सॅमसनभाऊ म्हणाले. “ज्यानं धोका दिला त्याला लांब खाच कावून?”

“तू बायबल वाचतूस का नुसता सांभाळतूस?”

आमचे फादर केरळचे, पण मराठी इथेच शिकले. ते म्हणाले, “दोघं बी गप बसा. बिशप येऊ लागलेत.”

परवा संध्याकाळी पॉलिश केलेलं टेबल बघायला लोक येत होते. त्यात रिक्षातून नूरचाची आल्या, नात शबानाचा हात धरून. नूरचाची म्हणजे चौकातल्या टेलरचाचांच्या बायको. आपले शाळेचे पिनाफोर आणि पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक चाचांनीच शिवलेले... ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मी चाचींना बारा प्रेषित समजावून सांगितले, जरा रंगवूनच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका लहान खाचेवर बोट ठेवलं.

“पोरी, हे इंच हाय.” बोट लांब खाचेपर्यंत सरकलं. “अन् हा फूट.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. सॅमसनभाऊच असणार.

“आमचं कटिंगचं टेबल हाय हे,” चाची म्हणाल्या. “यांची टेप सारखी हरवायची, मनून खाचा पाडल्या.”

मग उलगडा झाला. पहिले फादर आले तेव्हा चर्च म्हणजे भाड्याची एक खोली होती आणि वेदीला काहीच नव्हतं. चाचांनी दुकानातलं टेबल दिलं... रविवारपुरतं. सोमवारी परत न्यायचं ठरलं होतं.

“मग तुमी मागितलं कावून न्हाई?” डॅनियलमामांनी घाबरत विचारलं.

“मी रोज मनायची, जावा, घिऊन या. ते मनायचे, त्यांचा रविवार अजून संपला न्हाई वाटतं.” चाची हसल्या. “मग जमिनीवर बसूनच कापत गेले. कंबर धरली की तुमच्या फादरला दोन शिव्या द्यायचे, बस.”

शबाना हल्ली घरी मुलींचा शिवणक्लास घेते. मुली फरशीवर वाकून कापड कापतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. चाचींनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा नातीकडे, आणि काहीच मागितलं नाही... तेच अवघड होऊन बसलं.

डॅनियलमामा माझ्या कानाशी आले. “बाई, हे दिऊन बसलो तर बिशपला काय दाखवायचं? फॅन?”

खरं सांगते, मलाही ते द्यावंसं वाटेना. आमच्याकडे होतं ते एवढंच. मी फादरांकडे पाहिलं.

“टेबल त्यांचं हाय,” फादर म्हणाले. “आपण लई वापरलं.”

चाचींनी मान हलवली. “हा रविवार हू द्या. तुमचे बिशप बघून जाऊ द्या. सोमवारी पाठवा.”

घरी येऊन मी इतिहासाचं ते पान पुन्हा लिहिलं. पहिल्यापेक्षा बरंच लहान झालं... पण त्यात आता चाचा आहेत, आणि त्यांची कंबरसुद्धा.

आता सूचना. रविवारच्या गडबडीत माझं कोणी ऐकणार नाही, म्हणून आपल्या ग्रुपवरच लिहिते.

टेबल सोमवारी सकाळी शबानाकडे जाईल. एका बाजूने डॅनियलमामा धरतील, दुसऱ्या बाजूने सॅमसनभाऊ. पेत्र आणि यहूदाचं काय ते वाटेत मिटवावं. वेदीवरचं क्रोशाचं कापड सिस्टरांनी विणलेलं आहे, ते चर्चकडेच राहील. काच कापून आणलीच आहे, ती फादरांच्या खोलीच्या खिडकीला बसवा, कधीची फुटली आहे.

स्मरणिका ज्यांना मिळाली त्यांनी नवं पान माझ्याकडून घेऊन चिकटवावं. बिशपांना चिकटवलेलीच प्रत द्यावी.

आणि रविवारच्या जेवणाचं मटण मुद्दाम चाचींच्या गल्लीतून, हलालच आणतोय. पहिलं ताट नूरचाचींना द्यायचं, भात मऊ बघून. बिशपांना दुसरं.