मामांची गंजकी मसल कार

आमच्या हिच्या मामांनी हात लावलेली बिघडलेली वस्तू पुन्हा चालू झाल्याचं मानवजातीच्या इतिहासात नमूद नाही. कॅरी गावातल्या त्यांच्या घरी एक टोस्टर आहे, तो पाव एकाच बाजूने भाजतो. भिंतीवर एक घड्याळ आहे, ते मामांनी उघडून बंद केल्यापासून टोले देतं, पण वेळ दाखवत नाही. मामा पाना घेऊन सिंकखाली शिरले की मामी मुकाट्याने घरातली सगळी पातेली पाण्याने भरून ठेवतात. अशा माणसाने एका शनिवारी सकाळी मला फोन केला, "जावईबापू, मसल कार घेतली, दणदणीत इंजिनाची. जुनी आहे जरा. घरीच रिस्टोर करणार." आम्ही मॉरिसव्हिलला राहतो, अगदी जवळ. फोनवर मागून मामींचा आवाज अजिबात येत नव्हता, आणि हे लक्षण काही ठीक नव्हतं, म्हणून ही आणि मी तडक निघालो.

गाडी ट्रेलरवरून नुकतीच उतरवली होती. लांबलचक बॉनेट, दोन दारं, आठ सिलिंडरचं इंजिन आणि बाकी सगळा गंज. तिचा मूळ रंग कोणता यावर घरासमोरच्या ड्राइव्हवेत जमलेल्या शेजाऱ्यांमध्ये मतभेद होते. मामा मोठ्या ऐटीत ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि त्यांचा पाय गाडीच्या तळातून आरपार जाऊन जमिनीला टेकला. "हवा खेळती राहील," ते म्हणाले. दारात उभ्या असलेल्या मामींनी फक्त एवढंच विचारलं, "अहो, चहा गाडीत घेणार की रस्त्यावर?"

मामांनी जन्मभर एका औषध कंपनीत आकडेमोड केली. विद्यार्थी म्हणून देश सोडून इथे आले तेव्हा त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी अशी गाडी आणायचा. तिचा आवाज छातीत घुमायचा म्हणे. आपण कधीतरी ही चालवायची, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. मग घर आलं, मिनीव्हॅन आली, मुलीचे व्हायोलिनचे क्लास आले आणि ते ‘कधीतरी’ पुढे पुढे जात राहिलं. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. समोरचं, मधलं दिसणं हळूहळू पुसट होत जाणार, कडेकडेचं तेवढं राहणार. लायसन्स अजून हातात होतं, पण किती दिवस, ते कुणी सांगत नव्हतं. "त्याच्या आत एकदा ही मला स्वतः चालवायची आहे," मामा चहात बिस्किट बुडवत म्हणाले. मी त्यांची टिंगल करायच्या पूर्ण तयारीने गेलो होतो, ती तशीच राहून गेली.

पण फार दिवस नाही, कारण मामा टिंगल करायला भरपूर वाव देतात. गाडी कशी खोलायची हे ते इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून शिकले, तेही दिवाणखान्यातल्या सर्वांत मोठ्या टीव्हीवर, अगदी नाक लावून. खोललेले नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत गेले आणि बारीक वायसर मामींच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत मोहरीएवढे आणि मेथीच्या वाटीत मेथीएवढे. इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मामींनी टेबलावर डबा उघडला तर श्रीखंडाऐवजी आत कार्ब्युरेटर निघाला. मामा हातातली थाळी सोडून त्या डब्याकडे धावले आणि म्हणाले, "अगं, हा तर मी आठवडाभर शोधतोय!" बंपरवरचा गंज काढायला त्यांनी चिंचेचा कोळ वापरला. देव घासायला चालते ती चिंच बंपरला का चालू नये, हा त्यांचा सवाल. बंपर थोडा चमकला आणि त्याला मुंग्या लागल्या.

गंजलेल्या बोल्टशी ते अतिशय अदबीने वागायचे. आधी त्यावर तेलाचा फवारा मारायचा, मग त्याला विचार करायला वेळ द्यायचा, मग पाना लावून हळूच म्हणायचं, "चला, निघा आता." बोल्ट डोकं मोडून आतच राहिला की मामा टोपी काढून क्षणभर स्तब्ध उभे राहायचे. जसजसे महिने गेले तसतसं त्यांचं काम डोळ्यांकडून बोटांकडे गेलं. माझ्या हातून पडलेला नट मी टॉर्च लावून शोधत असायचो आणि ते फरशीवरून तळवा फिरवून तो आधी उचलायचे. मला ते बघवत नसे. मग मी उगाच मोठ्याने काहीतरी विनोद करायचो आणि तेही उगाच मोठ्याने हसायचे.

दसऱ्याच्या आधी त्यांनी अख्खं बॉनेट घासून घासून उघड्या पत्र्यापर्यंत आणलं. आरशासारखं लखलखत होतं. गंज धरू नये म्हणून त्याच दिवशी त्यावर प्रायमर मारायचा असतो, हे सगळे व्हिडिओ ओरडून सांगत होते. पण दसरा तोंडावर आला होता आणि यंत्राची पूजा त्याच्या मूळ अंगावर व्हायला हवी, असं मामांचं म्हणणं पडलं. झेंडूच्या माळा आल्या. मामांनी ओल्या कुंकवाने बॉनेटच्या मधोमध ठसठशीत श्री काढला, जमलेल्या सगळ्या काकवा-मावश्यांनी हळदी-कुंकवाची बोटं लावली, मामांनी नारळ फोडून पाणी शिंपडलं, आणि वरून ताडपत्री घालून सगळे जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढली तेव्हा मी तिथेच होतो. कुंकू पुसलं तरी श्री गेला नाही. तो तांबूस गंजाचा झाला होता आणि भोवती गंजाच्या बोटांची रांगोळी. मामांना मात्र काही दिसलं नाही. ते हसऱ्या चेहऱ्याने बॉनेटवरून हात फिरवत होते, आणि हात मध्यावर आल्यावर थांबला. "इथे खरखरीत का लागतंय हो?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सँडपेपर मागून घेतला. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून घासलं आणि कुणीच विनोद केला नाही.

गाडी चालू झाली ती वसंतात, सगळ्या कॅरीवर पाइनच्या परागांची पिवळी धूळ पसरलेली असताना. आधी निळा धूर, मग असा गडगडाट की समोरच्या घरातलं कुत्रं सोफ्याखाली गेलं. मामांनी दुरुस्त केलेली पहिली वस्तू चालू झाली होती! पण त्याच्या आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद करा म्हणून सांगितलं होतं. मामांनी वाद घातला नाही, लायसन्स स्वतः कचेरीत नेऊन परत दिलं. आता ते इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून उभे होते आणि किल्ली त्यांनी माझ्यापुढे धरली. "तुम्ही न्या. एक चक्कर मारून आणा. मी इथून ऐकतो."

जर्सी सिटीहून आलेली त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, आय कान्ट ड्राइव्ह स्टिक, ऑदरवाइज आय वुड हॅव..." आणि तिचे डोळे भरले. गाडी क्लचची, गिअरची. मी पुण्यात गिअरची गाडी चालवलेली होती, पण इथे इतकी वर्षं ऑटोमॅटिक चालवून माझा डावा पाय ते साफ विसरला होता. गाडीने आचके दिले आणि ती ड्राइव्हवेच्या तोंडाशीच बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. प्रत्येक आचक्याला मामांचा चेहरा आंबट होत होता.

तेव्हा मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "उतरा," त्या मला म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या, सीट पुढे ओढली, क्लच दाबून पाहिला आणि गिअर असा टाकला की लोण्यात सुरी. सांगलीकडे त्यांच्या वडिलांची जीप होती, ती लग्नाआधी मळ्यात त्याच चालवायच्या, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तू कधी बोलली नाहीस!" मामा म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत? बसा आता. इंजिन तापतंय."

मामा दार चाचपत शेजारी बसले. गाडी गुरगुरत कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली, पण आवाज बराच वेळ येत राहिला. आम्ही सगळे रस्त्यात उभे राहून तो ऐकत होतो.

परत आल्यावर मामी थेट आत गेल्या, कुकर लावायचा होता. मामा सीटवरून उठेनात. स्वतः चालवायची राहिली, याचं दुःख होत असेल, असं वाटून मी शेजारी जाऊन उभा राहिलो. ते समोरच्या बंद गॅरेजकडे बघत म्हणाले, "जावईबापू, हल्ली मला हिचा चेहरा दिसत नाही हो. सरळ बघितलं की नेमका तिथेच धूसर डाग येतो. आज मी नाकासमोर रस्त्याकडे बघत बसलो होतो. तर कडेने ही अख्खी दिसली. गिअर टाकताना ओठ चावते. आणि हसत होती."

आतून मामींनी हाक मारली तरी मामा तसेच समोर बघत बसून राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "पेट्रोल अजून एका चकरेपुरतं असेल ना?"