मणक्यात गॅप

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पाथर्डीहून साडूंचा फोन आला. "काय झालं हो पाव्हणं एकाएकी? ॲडमिट म्हनं?" मी कुशीवर पडलो होतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुना, लेकी, नातजावई असा सगळा गोतावळा डबे उघडून बसला होता. त्यांच्यादेखत खरा आजार सांगायला माझी जीभ उचलेना. फिशर म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: ते कुठं असतं? म्हणून मी आवाज जरा जड केला आणि म्हणालो, "मणक्यात गॅप."

तिकडून हळहळ आली. म्हातारबाबांच्या सुनांनीही माझ्याकडं आदरानं बघितलं. मला वाटलं, सुटलो.

मणक्यात गॅप हा आमच्या धंद्यातला अब्रूदार आजार आहे. नगरहून सुप्याला कारखान्याच्या कामगारांना नेणारी-आणणारी बस मी वीस वर्षं चालवतोय. इतकी वर्षं सीटवर काढलेल्या माणसाचा मणका शाबूत असला तर लोक उलट संशयानं बघतात. आणि माझा खरा आजारही सीटवरच कमावलेला. बुडाखाली इंजिनची धग, लघवीला थांबावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिणं, आणि सकाळी फेरी सुरू करायच्या आधी मिरचीसोबत चार गरम भजी. वीस वर्षं मी ही भजी मन लावून खाल्ली. त्याचं फळ म्हणून जिथं भेग पडली तिथला आतला स्नायू थोडा कापून सैल करावा लागला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांत गाडी चालवाल.

सहा आठवड्यांची रजा टाकली. तेवढ्या दिवसांसाठी मालकांनी बदली ड्रायव्हर ठेवला. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, मिशा काळ्या करणारा, कामाला पक्का. याचीच मला धास्ती. गाडी चार महिने दुसऱ्याच्या हाताखाली राहिली की ती त्याची होते, हे मी दुसऱ्याच्या गाड्या घेऊनच शिकलोय. तेव्हा मला वेळेत बरं व्हायचं होतं. खरा आजार फक्त डॉक्टरांना, बायकोला आणि मला माहीत होता.

घरी आलो आणि भेटायला माणसं यायला लागली.

पहिले साडूच आले. केळी, बिस्किटाचा पुडा, गुडघ्याएवढी तेलाची बाटली आणि कमरेचा पट्टा. मी तेव्हा पलंगावर स्कूटरच्या ट्यूबवर बसलो होतो. हा माझा स्वतःचा शोध. गोल ट्यूबमध्ये हवा भरली की मधल्या पोकळीत दुखरी जागा अधांतरी राहते. डोकं ड्रायव्हरचं असल्यामुळं मी हवा चाकात भरतात तशी टिच्चून भरली होती, आणि व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला येतो याचा विचार केला नव्हता. पहिल्याच बैठकीत तो सापडला.

साडूंनी ट्यूब बघितली आणि कपाळावर हात मारला. "मऊ मऊ काय घेऊन बसलाय? मनक्याला कडक पायजे, कडक! ताई, ती लाकडी खुर्ची आना."

बायको स्वयंपाकघराच्या दारात चहा घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी विनवणी केली. तिनं खुर्ची आणली.

मी बसलो. कसा बसलो ते विचारू नका. डोळ्यांतलं पाणी बघून साडू म्हणाले, "बघा, ताण बसतोय. बसू द्या ताण. त्यानंच गॅप भरतो." मग त्यांनी पट्टा आवळला. पट्ट्यानं पोट दबलं की दाब नेमका कुठं जातो, हे मला त्या दिवशी शरीरशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कळलं.

ते गेल्यावर मी पालथा पडलो. बायको म्हणाली, "सांगून टाका की खरं एकदाचं."

"त्याला? तो पाथर्डीच्या स्टँडवर उतरायच्या आत निम्म्या तालुक्याला कळेल."

"मग बसा खुर्चीवर."

आणि मी बसलो. रोज दोन, तीन, कधी चार पाहुणे. गल्लीतले, कामावरचे, गावाकडचे. सगळ्यांना मणक्याची माहिती. मऊ गादी बघितली की प्रत्येकजण मला खुर्चीवर बसवायचा. आमचे सुपरवायझरही येऊन गेले. त्यांच्यासमोर तर मी पट्टा बांधून, ताठ, शाळेतल्या फोटोसारखा वीस मिनिटं बसलो. दिवसातून तीनदा कोमट पाण्यात बसायला सांगितलं होतं. त्यासाठी घरात घमेलं नेमून दिलं होतं. पण पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेले असताना घरधनी घमेलं घेऊन मोरीत जातो आणि वीस मिनिटं येत नाही, याला काय सांगायचं? पाहुणे असले की मी घमेलं चुकवायचो.

सकाळ तर नकोच वाटायची. लोकांचा दिवस चहानं सुरू होतो, माझा भीतीनं व्हायचा. पाणी प्यायचं, इसबगोल घ्यायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि संडासाच्या दाराची कडी लावायची. मग पुढचे दोन तास कुणीतरी आत काच पेरून ठेवल्यासारखं. त्या दोन तासांत मी भिंतीला कपाळ टेकून उभा असायचो, आणि घरात कुणी हसलं तरी मला ते माझ्यावरच वाटायचं.

सगळ्यात चीड कशाची यायची सांगू? हाताला कापलं तर माणूस रोज बघतो. आज खपली धरली, आज कडेनं गुलाबी झालं, अशी हिशेबानं आशा धरता येते. इथं आपल्याच अंगाची बातमी दुसऱ्यानं बघून सांगायची. मी बायकोचा हातआरसा घेऊन एकदा प्रयत्न केला. कमरेत उसण भरली. दोन दिवस मला खरोखर पट्ट्याची गरज पडली.

सहा आठवडे झाले. दुखणं होतं तिथंच. तपासून डॉक्टर म्हणाले, "जखम अजून ओली आहे. बसता किती?"

"बसतच नाही हो."

बायको शेजारी उभी होती. "लाकडी खुर्चीवर रोज तासभर बसतात," ती म्हणाली. "पट्टा आवळून."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पट्टा? कशाला?"

मग तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, "तो भाग घट्ट आवळला गेला की तिथं रक्त नीट पोचत नाही, आणि रक्त पोचलं नाही की जखम भरत नाही. आम्ही सैल करून दिलं, तुम्ही घरी जाऊन दुखवताय. आणखी चार आठवडे. आणि घमेलं चुकवायचं नाही."

चार आठवडे मी शहाण्यासारखा वागलो. पाहुण्यांना बायको दारातूनच सांगायची, झोपलेत. थोडा फरकही पडला. दोन तासांची आग अर्ध्या तासावर आली. पण कामावरचा एकजण फोनवर म्हणाला, "मामा, नव्या मामांनी गाडीला पडदे लावलेत." मला राहवेना. माझ्या गाडीला पडदे!

सोमवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून मी गाडी सुटते तिथं हजर झालो. सुपरवायझर कामगारांना आत चढवत होते. मी म्हणालो, "साहेब, आजपासून येतो."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "या की. पण गाडी नाही द्यायची तुम्हाला. चाळीस माणसं असतात. घाटात मणक्यात चमक आली तर? मी मालकांशी बोललोय. गेटवर घेऊ तुम्हाला. उभं राहायचं, फाटक उघडायचं. पगार थोडा कमी बसेल, पण तब्येत महत्त्वाची."

मी गारच पडलो. अब्रू वाचवायला जो आजार घेतला होता तोच माझी गाडी घेऊन चालला होता.

"साहेब, मणका नव्हता तो," मी हळू आवाजात म्हणालो.

"म्हणजे?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी मान मागं घेतली आणि मला वरून खाली बघितलं. "अहो, गाडीसाठी काहीही काय सांगताय? मी घरी आलो होतो तुमच्या. पट्टा बघितलाय मी. तेलाचा वास होता घरभर."

दहा आठवडे खोटं बोललो, ते सगळ्यांनी मानलं. खरं बोललो तर पुरावा मागितला. नशीब, दवाखान्याचा कागद खिशात होता. पण साहेबांनी चष्मा आणला नव्हता. त्यांनी तो कागद पहिल्या सीटवर बसलेल्या, क्वालिटीत काम करणाऱ्या ताईंना दिला. "जरा वाचा हो ताई, यात मणका आहे का."

ताईंनी कागद सरळ केला आणि मशीनचा रिपोर्ट वाचावा तसा सगळा मोठ्यानं वाचला. मग आमच्या सोयीसाठी मराठीत म्हणाल्या, "नाही, मणक्याचं काहीच नाही यात. गुदद्वाराचं ऑपरेशन आहे."

गाडीत चाळीस माणसं होती. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

मागच्या सीटवरून आवाज आला, "मामा, गॅप हाय, पन खाली हाय!" आणि गाडी हसून हलली.

साहेबही हसले, पण माणूस चांगला. म्हणाले, "मग बसा. कामरगावपर्यंत चालवा, मी बघतो."

बदली ड्रायव्हर सीट सोडून मागं जाऊन बसले. मी चढलो. स्टिअरिंगला हात लागला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करतो. केडगाव ओलांडेपर्यंत मी राजा होतो. माणूस क्लच पायानं दाबतो असं मी वीस वर्षं समजत होतो. तो कुठून दाबला जातो हे त्या दिवशी कळलं. प्रत्येक गियरला, प्रत्येक गतिरोधकाला एक कळ थेट डोक्यात. चासच्या पुढं घाट लागला आणि माझ्या शर्टाची इस्त्री घामानं गेली. डोळ्यांपुढं अंधारी आली. मागं चाळीस माणसं होती.

मी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"होत नाही," मी म्हणालो. एवढे दोन शब्द बोलायला मला अडीच महिने लागले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "किती दिवस अजून? मला पक्कं सांगा."

"तीन आठवडे."

"तीन. त्याच्यापुढं मी थांबू शकत नाही. मालक गाडी यांच्या नावावर करतील."

मी सीटवरून उठलो, बदली ड्रायव्हर तिथं बसले. घाटात परतीला काही मिळणार नव्हतं, म्हणून मी दांडी धरून आत उभा राहिलो. सहा सीटा मोकळ्या होत्या. "मामा, बसा की!" "मामा, मांडीवर घेऊ का?" असं चाललं होतं. एकजण मात्र जवळ येऊन हळूच विचारून गेला, डॉक्टर कुठले ते.

गाडी चढाला लागली. तिचा आवाज मला कळतो. ती दुसरा गियर मागत होती आणि हा माणूस तिसऱ्यातच रेटत होता. बाजूला पडदे फडफडत होते, फुलाफुलांचे.

"दुसरा टाका, दुसरा," मी म्हणालो.

त्यांनी मागं न बघता बोटानं वर दाखवलं. काचेच्या वर पाटी होती: चालकाशी बोलू नये. ती मीच रंगवून घेतली होती.