घुंगुरमाळेमागची सायकल

माझ्या धाकट्या भावाने बऱ्या पगाराची नोकरी लागताच दोन सायकली विकत घेतल्या, एक मला आणि एक स्वतःला. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं! पण माझ्या भावाला दिसत नाही. चौथीत असेपर्यंत दिसायचं, मग डोळ्यांचा आजार झाला आणि वर्षभरात सगळं मिटलं. आई त्या सायकलींकडे बघून म्हणाली, "घरात एक आंधळा होता, आता दोन झाले." दुसरी आंधळी म्हणजे मी, कारण दुकानात त्याच्याबरोबर मीच गेले होते.

दुकान कसब्यात होतं. मालकांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "कुणाला हवीय?"

"मला," भाऊ म्हणाला.

आता डोकं वर आलं. काळा चष्मा बघून झाला, पांढरी काठी बघून झाली. दुसऱ्या गावात एखादा हळहळला असता, पण हे पुणं. मालक म्हणाले, "रंग कोणता देऊ?"

"लोकांना लांबून दिसेल असा."

दोघंही हसले नाहीत. आतून पिवळीधमक सायकल बाहेर आली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. भाऊ आधी एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होता. मग पडद्यावरचं वाचून दाखवणारा, बोलणारा कॉम्प्युटर आला, तो याने झपाटल्यासारखा शिकून घेतला आणि एका सॉफ्टवेअर कंपनीने त्याला उचललं. आमच्या सदाशिव पेठेत तेव्हा जिन्याखालच्या सायकली भंगारात जात होत्या आणि तिथे स्कूटरी उभ्या राहत होत्या. सगळं गाव सायकल सोडत असताना आमच्या दिवट्याने सायकल धरली.

"अरे, डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हणायची.

"ताई, सायकल डोळ्यांनी येते का? बुडाने येते. चौथीत येत होती, ती काय विसरलोय? आणि अप्पा बळवंत चौकात डोळेवाले चालवतात त्यापेक्षा वाईट तर चालवणार नाही!"

त्याचं मागणं एकच होतं. खऱ्या रस्त्यावर, एकदा तरी, त्याला स्वतःची सायकल स्वतः चालवायची होती. कुणाच्या मागे डबलसीट नाही, कुणी धरून नाही. माझंही मागणं एकच होतं. तो धडधाकट घरी यावा. या दोन मागण्या एका रस्त्यावर कशा मावणार, यावर आमची महिनाभर भांडणं झाली. एकीकडे पहाटे कॉलेजच्या मैदानावर सरावही चालू होता. तिथे तो माझ्या सायकलच्या आवाजामागे गोल गोल फिरायचा. पण मैदान ते मैदान. "हे म्हणजे घाण्याचा बैल झालं," तो कुरकुरायचा.

मग मला एका रस्त्याचा पत्ता लागला. पानशेतच्या पलीकडे, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने कुणा बिल्डरने जंगलात प्लॉट पाडले होते. आयटीवाले साहेब तिथे बंगले बांधणार म्हणून आधी गुळगुळीत डांबरी रस्ता केला. रस्ता झाला आणि साहेब काही आलेच नाहीत. रस्ता पुढे कुठे जात नव्हता, त्यामुळे त्यावरून कुणी येतही नव्हतं. एसटी नाही, जीप नाही, काही नाही. माझ्या ऑफिसातला एक जण जाऊन आला होता. तो म्हणाला, "दिवसभरात एक कुत्रं दिसलं, तेही झोपलेलं."

भावाला ऐकू यावं म्हणून मैदानावर मी कॅरिअरला डबा बांधायची. रस्त्यासाठी काहीतरी दणदणीत हवं, म्हणून तुळशीबागेत गेले. देवाच्या घंटा फार नाजूक वाटल्या. शेवटी बैलाच्या गळ्यात बांधतात ती घसघशीत पितळी घुंगुरमाळ घेतली. स्वतःवर भलतीच खूश झाले होते. पुढे मी, छुनछुन करत, मागे तो, आणि वळण आलं की मी ओरडून सांगणार, डावं की उजवं.

माघातल्या एका सकाळी भाड्याच्या टेम्पोत सायकली टाकून आम्ही गेलो. रस्त्याच्या तोंडाशी आडवा बांबू होता, त्याच्या पलीकडे आम्हाला उतरवून टेम्पोवाला झाडाखाली आडवा झाला. इंजिन बंद झालं आणि माझ्या कानांना दडे बसले. पुण्यात आपण सतत कुठल्यातरी आवाजात बसलेले असतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. समोर खाली पाणी पसरलं होतं, निळं, हलतही नव्हतं. त्याच्यावर डोंगरामागे डोंगर, मागचे फिकट होत गेलेले. आमच्या बाजूला जांभूळ, हिरडा, ऐन, इतकी दाट झाडी की रस्ता त्यात शिरून नाहीसा झालेला. अंगावर काटा आला माझ्या. चाळीशी गाठली मी, आणि घरापासून दोन तासांवर हे होतं!

"काय दिसतंय?" भावाने विचारलं.

"छान आहे."

"वा! काय वर्णन आहे! पाटीवर लिहून लाव." मग त्याने काठी बगलेत मारली आणि एक जोरात टाळी वाजवली. मान किंचित वाकडी करून ऐकलं. अजून एक वाजवली.

"खाली मोठं पाणी आहे," तो म्हणाला, "पलीकडचा डोंगर खूप लांब आहे आणि उघडा आहे, तिथून टाळी परत येते. डावीकडचा जवळ आहे, पण त्याच्यावर झाडी आहे. तिथे टाळी जिरते." आणि मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "ताई, किती मोठं आहे गं हे!"

मी बघतच राहिले त्याच्याकडे. मला दिसत होतं ते सगळं त्याने दोन टाळ्यांत गोळा केलं होतं.

आम्ही निघालो. मी सतत मागे वळून बघत होते, त्यामुळे मीच दोनदा खडीत गेले. तो मात्र सरळ, ताठ, हनुवटी वर करून येत होता. झाडीत शिरल्यावर ऊन गेलं, गार वाटायला लागलं, चाकाखाली पाचोळा चुरचुरायला लागला. कुठूनतरी टुक टुक टुक असा एकसुरी आवाज येत होता. "तांबट पक्षी," तो ओरडला, "कसब्यातल्या तांबट आळीतून बदली झालेली दिसतेय!" इतका आनंद त्याच्या तोंडावर मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. मला भरून आलं, आणि भरल्या डोळ्यांनी सायकल चालवणं धोक्याचं म्हणून मी स्वतःलाच दटावलं.

मग उतार आला आणि उतारावर डावं वळण. "डावं!" म्हणून मी ओरडले आणि वळले. खालच्या बाजूने घुंगरांचा, घंटांचा आवाज येत होता. गुरं चरत असणार. काय सुरेख वाटलं मला ते! रानात गुरांच्या घंटा, अगदी चित्रातल्यासारखं. शंभरेक पावलं मी त्याच तंद्रीत गेले आणि मागे बघितलं. पिवळं काहीच दिसेना.

सायकल टाकली आणि वळणाकडे पळत सुटले. वळणावर रस्ता डावीकडे जात होता आणि गुरांची पायवाट सरळ खाली, पाण्याकडे. माझा भाऊ सरळ गेला होता. वरून मला फक्त गवत दिसत होतं आणि त्यापुढे ते निळं पाणी, मघाशी डोळे भरून बघितलं तेच. आता त्याच्याकडे बघवेना.

पायवाटेने खाली धावले, तर तो अर्ध्या उतारावर होता. उभा होता. सायकल गवतात पडलेली, कोपर सोललेलं, भोवती गाई, आणि एक म्हातारी बाई त्याचा शर्ट मागून घट्ट पकडून उभी.

"आवो बाई, ह्यो तुमचा का?" ती म्हणाली.

"हो, भाऊ माझा."

"ह्येला दिसत न्हाई?"

"नाही."

"आन् सायकल चालवितो?"

"हो."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आन् तुमाला दिसतंय न्हवं?"

भाऊ म्हणाला, "मावशी, तिची चूक नाही. घुंगरं वाजली म्हणून मी त्यांच्यामागे आलो." "कसली घुंगरं?" मावशीने विचारलं, तेव्हा मला माझ्या सायकलला बांधलेल्या घुंगुरमाळेचं सांगावं लागलं. "आगं माझी बाई! बैलाची माळ बांदून गुरांच्या रानात आलासा? मग ह्यो कुनाच्या मागं जाईल!" आणि ती अशी हसली की गाईसुद्धा दचकल्या.

मला हसू येत नव्हतं. "बास," मी म्हटलं, "पुरे झाली हौस. चालत मागे जायचं, टेम्पोत बसायचं आणि घरी."

"ताई, रस्ता अजून बाकी आहे."

"खड्ड्यात गेला रस्ता! अजून वीस पावलांवर पाणी होतं, कळतंय का तुला?"

"कळतंय," तो म्हणाला. "तरी बाकी आहे."

आमची जुंपलेली असताना मावशी गाईंमध्ये फिरत होती. आधी मला कळेना ती काय करतेय. ती एकेका गाईच्या गळ्यातली घंटा हातात धरून तिच्यात मूठभर पाला कोंबत होती. चार-पाच घंटा भरून झाल्या आणि रानातला तो सगळा किणकिणाट बंद पडला. "जावा आता," ती म्हणाली, "तुमी पुडं जाईस्तवर पाला काडत न्हाई म्या." आणि मला कुणी काही विचारलंच नाही. पिवळी सायकल मावशीने आणि भावाने मिळून वर चढवली आणि भाऊ बसला पण.

पुढे रस्ता सरळ होता. डाव्या हाताला डोंगराची कापलेली भिंत, उजव्या हाताला मोकळं. माझ्या घुंगरांखेरीज आता दुसरा आवाजच नव्हता. थोड्या वेळाने मागून त्याच्या चाकांची सरसर जवळ आली, माझ्या बरोबरीने आली आणि पुढे गेली. मी "थांब" म्हणणार होते. तो म्हणाला, "तू मधे मधे येऊ नकोस, मला भिंत ऐकू येतेय."

मी पायडल मारायचं थांबवलं. घुंगरं गप्प झाली. त्याचा वेग कमी झाला नाही. कडेची खडी चाकाखाली वाजली की तो जरासा आत यायचा, पुन्हा भिंतीच्या बाजूने सरळ. आणि देवाशप्पथ सांगते, पुढचं वळण आलं, कुणीही काहीही ओरडलं नाही, आणि भिंत वळली तसा तो वळला. सायकल झाडांआड गेली. एवढ्या मोठ्या खोऱ्यात माझा आंधळा भाऊ एकटा सायकल चालवत निघून गेला होता आणि मी रस्त्याच्या मधोमध हात जोडून उभी होते. कुणाला जोडले होते कोण जाणे.

वळण ओलांडून गेले तेव्हा डांबर संपलं होतं आणि जिथे माती सुरू होते तिथे तो एक पाय टेकून उभा होता, तोंड पाण्याकडे. मी धापा टाकत पोचले. शिव्या तयार होत्या.

"ताई, आत्ता माझ्या आसपास कुणीच नव्हतं ना?"

"नव्हतं."

"तू किती लांब होतीस?"

"बरीच. दिसतसुद्धा नव्हतास मला."

"डोळे गेल्यापासून मी कधीच एकटा नव्हतो गं," तो म्हणाला. "हाताच्या अंतरावर कुणी ना कुणी असतंच. घरी आई, रस्त्यावर तू, ऑफिसात कुणीतरी. आज पहिल्यांदा."

माझा हात सवयीने त्याच्या कोपराकडे गेलाच होता. मी तो मागे घेतला.

"अजून थोडा वेळ लांब जातेस का?" त्याने विचारलं.

मी सायकल तिथेच आडवी केली, चपला काढून हातात घेतल्या आणि पाचोळा वाजू नये म्हणून जपून पाय टाकत वळणाच्या अलीकडे परत गेले. तिथे एका दगडावर बसले आणि त्याने हाक मारेपर्यंत उठले नाही. त्याने हाक बऱ्याच वेळाने मारली.