बेटावर सोडलेली अकरा माणसं

आमच्या धक्क्यावर तिला सगळे बोयाताई म्हणतात. मी तिथेच बोटी रंगवतो, म्हणून जे घडलं ते बरंचसं माझ्यासमोर घडलं.

समोरच्या बेटावर उतरायला बंदी आहे. पक्षी तिथे उघड्या वाळूत अंडी घालतात, चालणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाहीत. सहलीच्या बोटींनी बेटापासून लांब, साखळीने तळाशी जखडलेल्या पिवळ्या तरंगत्या पिंपांना, म्हणजे बोयांना, दोर बांधून थांबायचं. नांगर टाकायचा नाही, कारण तो समुद्रतळाचं गवत मुळासकट उपटतो आणि माशांची पिल्लं त्या गवतातच वाढतात. हे बोये सांभाळायचं काम बोयाताईचं. पन्नाशी उलटली तरी ती स्वतः बुडी मारून साखळ्या तपासते. रागीट म्हणून तिची ख्याती आहे, आणि ती खोटी नाही.

त्या वर्षी ती पाण्यातून वर आली की तिचा चेहरा बघवत नसे. तळाशी शेत नांगरल्यासारखे चर पडले होते. बोटी नांगर टाकतात आणि माणसंही बेटावर उतरवतात, अशी तिने बेटाची देखरेख करणाऱ्या कार्यालयात तीनदा लेखी तक्रार दिली. चौथ्यांदा ती थेट तिथल्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. साहेब म्हणाले, "पाहुणे लोक आहेत, दोन फोटो काढतात आणि जातात. बेट काही झिजत नाही." बाहेर येऊन ती माझ्या रंगाच्या डब्यांशेजारी बसली आणि माझा ब्रश घेऊन अर्धा तास एकाच फळीवर रंग मारत राहिली. तेव्हाच मला धास्ती वाटली.

तिचा धाकटा भाऊ सहलीची बोट चालवतो. वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. हनुवटीखाली हात धरून त्याला पोहायला हिनेच शिकवलं. आई त्याच्याकडेच राहते.

एका रविवारी सकाळी ताई बेटाच्या मागच्या अंगाला गेली, तर भावाचीच बोट किनाऱ्याला लागलेली. तो आणि दहा पाहुणे वाळूत फिरत होते. कुणी पक्ष्यांमागे धावत होतं, कुणी फोटो काढत होतं. ताईने खाली पाहिलं तर फुटकी अंडी. एक पक्षी त्यांच्याभोवती ओरडत घिरट्या घालत होता.

भाऊ ओशाळं हसला. "सगळेच उतरवतात, ताई. तू मलाच धरणार का?"

तिने आपल्या होडीतले पाण्याचे दोन कॅन वाळूवर ठेवले, त्याच्या बोटीचा दोर आपल्या होडीला बांधला आणि रिकामी बोट ओढत धक्क्यावर आणली. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हाका मारत होता, तिने मागे वळून पाहिलं नाही म्हणे. धक्क्यावरून ती तडक कार्यालयात गेली आणि सांगितलं, बंदी असलेल्या बेटावर अकरा माणसं आहेत, जाऊन घेऊन या.

पण आणणार कशातून? गस्तीची बोट जागेवर नव्हती. ती कुठे गेली हे कार्यालयात कुणालाच सांगता येईना. तास गेला, दुसरा गेला. ऊन चढलं तशी ताईची चलबिचल सुरू झाली. शेवटी ती स्वतःच होडी काढायला निघाली, तेवढ्यात गस्तीची बोट अकराही जणांना घेऊन आली. आणि तिच्यातून साहेबांचे मेहुणे त्यांच्या कुटुंबासह उतरले. ती बोट सकाळपासून बेटाच्या दुसऱ्या बाजूला होती. नांगर टाकून. अडकलेल्या माणसांना ती बेटावरच्या टेकाडावरून दिसली, आणि हाका मारण्याआधी त्यांनी तिचे फोटो काढले.

ते फोटो वरपर्यंत पोचले आणि चौकशी बसली. वरून आलेल्या अधिकाऱ्याने ताईला विचारलं, कुणाला काही झालं असतं तर?

"मी पोचल्या पोचल्या सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुमची बोट पाहुण्यांना फिरवत होती. ते आधी लिहा, मग माझं लिहा."

दोन्ही लिहिलं गेलं. साहेबांची बदली झाली, भावाचा परवाना वर्षभरासाठी रद्द झाला आणि ताईला दोन महिने घरी बसवलं. आई तिच्या दारात येऊन म्हणाली, "परक्याने केलं असतं तर मी समजून घेतलं असतं." आणि चहा न घेता गेली. ताईने त्या दिवशी रागाने अख्खं घर धुऊन काढलं.

तुझं चुकलं असं वाटतं का, असं मी तिला एकदाच विचारलं. त्या अकरा जणांत दोन लहान मुलं होती, त्यांना उन्हात ठेवलं ते चुकलं, असं ती सरळ म्हणाली. त्यांच्या आईची माफी मागायला ती पत्ता शोधत गेली होती. त्या बाईने दार लावून घेतलं, आणि ताईच्या मते तिने योग्यच केलं. "भावाला सोडून आले ते मात्र चुकलं नाही. त्याला तिथली अंडी लहानपणी मी बोटाने दाखवली होती. त्याला ठाऊक होतं."

आता ती पुन्हा कामावर आहे. नवे साहेब तक्रारी वाचतात, निदान सही तरी करतात. काही बोटी बोयांना बांधतात, काही अजूनही नांगर टाकतात, आणि मग ताईचा आवाज धक्क्यापर्यंत ऐकू येतो. भाऊ दुसऱ्याच्या बोटीवर काम करतो. समोरून आला की मान वळवून जातो. तीही वळवते.